झू काढायचंय? आधी परवानगी, मग प्राणी

आम्ही नाशिककडे अशा परवानग्यांची कागदपत्रं करून देतो. हुरड्याचा हंगाम आला की त्र्यंबक रोड, गंगापूर धरण, इगतपुरीकडचे रिसॉर्टवाले आणि कृषी पर्यटनवाले आमच्याकडे येतात. विचारणा ठरलेली: "पाहुण्यांच्या पोरांसाठी छोटंसं झू करायचंय, लायसन कुठं काढायचं?"

हे लायसन महापालिकेत मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे दिल्लीच्या केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. नवीन संग्रहालय असेल तर पिंजऱ्याची पहिली वीट रचण्याआधीच त्यांची पूर्वमंजुरी हवी. जागा खासगी आहे, तिकीट लावणार नाही, याने काही फरक पडत नाही. लोकांना दाखवायला संरक्षित वन्यप्राणी ठेवला, की ते कायद्याच्या नजरेत प्राणीसंग्रहालयच.

इथेच बरेच जण फसतात. एका मळ्यावर आम्ही गेलो, तर कारंज्याच्या हौदाकाठी दोन स्टार कासवं, पाठीवर पिवळ्या चांदण्या, आणि शेजारच्या पिंजऱ्यात हिरवा मिठू. मालक भला माणूस, मुलांनी हट्ट केला म्हणून आणलेली. पण दोन्ही संरक्षित. स्टार कासव तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत; त्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद. अशा वेळी आम्ही आधी वनविभागाकडे जायला सांगतो; फाइल नंतर. आणि असे प्राणी पुढे मान्यता मिळाली तरी बाजारातून आणता येत नाहीत. प्राधिकरणाच्या परवानगीने, दुसऱ्या मान्यताप्राप्त संग्रहालयाकडूनच घ्यावे लागतात.

अर्जासोबत मास्टर प्लॅन लागतो. त्यात प्रत्येक प्राण्याला किती जागा, डॉक्टर कोण, आजारी जनावर वेगळं कुठं ठेवणार, पाणी-वैरण, भोवतीची भिंत, सगळं येतं. खर्चाचं म्हणाल तर बांधकामापेक्षा रोजचा खुराक आणि माणसं जड जातात. ते कायमचं आहे, पाहुणे येवोत न येवोत. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो: दहापैकी नऊ जणांना झूची गरजच नसते. गीर गाय, शेळ्या, कोंबड्या, बदकं ठेवा. पाळीव जनावरांना ही मान्यता लागत नाही आणि पोरांना हात लावता येतो. पक्षीच दाखवायचे असतील, तर हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरची सहल ठेवा.

मकाव, आफ्रिकन ग्रेसारख्या विदेशी पक्ष्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ती आम्ही करून देतो.

उसात बिबट्याचं पिल्लू सापडलं तर उचलून आणू नका; आई बहुतेक जवळच असते. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

पहिल्या भेटीला सातबारा, जागेचा नकाशा आणि आत्ता मळ्यावर जे प्राणी-पक्षी आहेत त्या सगळ्यांचे फोटो घेऊन या. मिठूचासुद्धा.