नेरोली घ्यावे की ऑरेंज ब्लॉसम?

गोडसर, लिंबूवर्गीय परफ्यूम मागणाऱ्या ग्राहकापुढे हमखास दोन बाटल्या ठेवल्या जातात, एक नेरोलीची आणि दुसरी ऑरेंज ब्लॉसमची. आणि ‘दोन्ही एकाच फुलाचे, कोणतेही घ्या’ असे सांगून त्याची बोळवण केली जाते. फूल एकच, कडू संत्र्याचे, हे खरे आहे. त्यावरून सुगंधही एकच ठरवणे मात्र साफ चूक आहे.

फरक पडतो तो सुगंध काढण्याच्या रीतीमुळे. नेरोलीसाठी फुलांतून वाफ सोडतात; तिच्याबरोबर हलके, चटकन उडणारे घटक वर येतात आणि वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो. सुमारे एक टन फुलांमागे जेमतेम किलोभर तेल हाती लागते. जड घटकांचा बराच भाग मागेच राहत असल्यामुळे हे तेल हिरवट, किंचित कडवट आणि स्वच्छ वासाचे असते. ऑरेंज ब्लॉसमच्या अर्कासाठी हीच फुले हेक्सेनसारख्या द्रावकात भिजवतात, द्रावक उडवून मेणासारखा गोळा मिळवतात आणि तो अल्कोहोलने धुऊन घेतात. वाफेची आच न लागल्याने येथे जड घटकही उतरतात, त्यांत इंडोल नावाचे रसायनही असते. सुटे इंडोल डांबराच्या गोळ्यांसारखे उग्र लागते. फुलाच्या इतर घटकांत मुरले, की मोगऱ्यात जाणवतो तसा दाट, मधाळ भरीवपणा तेच देते.

आजच्या बाटल्यांत कृत्रिम घटक भरपूर असले तरी परफ्यूमकार याच दोन स्वभावांचा माग घेतात. घोटाळा होतो तो वास घेण्याच्या कागदी पट्टीवर, कारण दोन्हींच्या आरंभी बहुधा बर्गमॉट (एक सुगंधी लिंबूवर्गीय फळ) आणि लिंबू असते व पहिली दहा मिनिटे ती जुळी भासतात. विक्रेत्याने पट्टी हलवून लगेच निर्णय मागणे मला मुळीच पटत नाही. दोन मनगटांवर दोन फवारे घ्यावेत, दुकानाबाहेर पडावे आणि अर्ध्या तासाने हुंगावे.

याच झाडाच्या पानाफांद्यांपासून काढलेले पेटीग्रेन तेल वेगळे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पुरुषांचे-बायकांचे हा भेद सरळ सोडून द्यावा. नागपुरी संत्रे सोलताना येणारा वास हवा असेल, तर यांतले काहीच घेऊ नये. तो सालीच्या तेलाचा वास आहे आणि त्यासाठी मँडरिन मागावे. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागांत आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी झाडे फुलतात त्या दिवसांत दरवळ घेतलेल्यांना मात्र ऑरेंज ब्लॉसम लगेच ओळखीचे वाटेल.

मुंबईच्या घामट उन्हाळ्यात आणि लोकलच्या गर्दीत माझा कौल निःसंशय नेरोलीला आहे. ‘४७११’ या जुन्या जर्मन ब्रँडसारख्या कोलोनांत, म्हणजे हलक्या परफ्यूमांत, ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. दोन तासांत उडते म्हणून तिला बनावट ठरवणे अन्यायाचे आहे, कारण हलकेपणा हाच तिचा गुण आहे. छोटी बाटली जवळ बाळगून दुपारी पुन्हा फवारावी. थंडीतल्या लग्नाच्या संध्याकाळी मात्र सर्ज लुटेन्स या फ्रेंच ब्रँडचे ‘फ्लर द’ऑरांजे’ हे ऑरेंज ब्लॉसमचे परफ्यूम लावावे आणि तेही एकाच फवाऱ्यापुरते, कारण त्यातली रजनीगंधा आणि जिरे बंद सभागृहात लवकरच अंगावर येतात.