रोगलाइक खेळ आणि त्यांची अनवट नियंत्रणे

रोगलाइक खेळ : व्हिडिओ खेळांचा एक अवघड प्रकार. यात दर डावाला भुयार नव्याने रचले जाते आणि पात्र मेले की डाव तिथेच संपतो. मधल्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करता येत नाही. खोल्या, शत्रू आणि शस्त्रे पत्ते पिसून वाटावेत तशी वेगवेगळी येतात, त्यामुळे नकाशा पाठ करून भागत नाही. पुढच्या डावात सोबत येते ती मुख्यतः हाताला लागलेली सवय. म्हणूनच कोणती कळ केव्हा दाबायची, याला इथे कथानकापेक्षा जास्त वजन आहे.

प्रकाराचे नाव ‘रोग’ (1980) या खेळावरून पडले. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी तो युनिक्स ही प्रणाली चालवणाऱ्या संगणकांसाठी लिहिला. चित्रे नव्हतीच, भिंती, राक्षस, खजिना सगळे टंकचिन्हांचे. चालण्यासाठी एच, जे, के, एल या कळा होत्या : अनुक्रमे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. ‘नेटहॅक’मध्ये (1987) तर लहान ‘टी’ने वस्तू फेकली जाते आणि मोठ्या ‘टी’ने अंगावरचे चिलखत उतरते, तेही राक्षस समोर उभा असताना. मराठी टंकलेखन करणाऱ्याची आणखी एक पंचाईत होते. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी चालू राहिली असेल तर एच, जे, के, एल ऐवजी प, र, क, त ही अक्षरे खेळाकडे जातात आणि पात्र जागचे हलत नाही.

2010 नंतर लहान, स्वतंत्र निर्मात्यांनी हा साचा हाती घेतला आणि कळा वाढवण्याऐवजी कमी केल्या. खेळ मात्र सोपा झाला नाही. ओजिरो फुमोतो यांच्या ‘डाउनवेल’मध्ये (2015) डावे, उजवे आणि एक बटण एवढेच आहे. जमिनीवर ते बटण दाबले की उडी. हवेत दाबले की बुटांतून खाली गोळ्या सुटतात आणि पडण्याचा वेग मंदावतो. गोळ्या पुन्हा भरायच्या तर जमिनीवर टेकावे लागते किंवा शत्रूच्या डोक्यावर पाय द्यावा लागतो. आधार, शस्त्र आणि ब्रेक एकाच बटणात असल्याने एक फुकट गोळीही महागात पडते.

‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’ (2015) चार बाणांवर चालतो, पण पाऊल संगीताच्या ठोक्यावरच पडले पाहिजे. पहिल्या मजल्याची लय मिनिटाला 115 ठोक्यांची, पुढच्या दोन मजल्यांची 130 आणि 140. ठोका चुकला की नाण्यांचा गुणक, म्हणजे मिळणारी नाणी काही पटींनी वाढवणारा आकडा, जातो. शत्रूही तालावर हलतात : निळा चिखलगोळा ठरावीक ठोक्यांनी वर-खाली करतो, वटवाघूळ मात्र वाटेल तिकडे जाते. गाणे संपले की पायाखालची जमीन उघडते आणि तयारी असो वा नसो, खालच्या मजल्यावर पडावे लागते. तबला शिकलेल्याला हे सोपे जाईल असे वाटते. पण लय धरून ठेवणे वेगळे आणि त्याच लयीत पुढच्या तीन चाली ठरवणे वेगळे. खेळ डान्स पॅडवर, म्हणजे बाण छापलेल्या चटईवर पायांनीही खेळता येतो. वरच्या घरातला आवाज खालच्या छतातून सहज जाणाऱ्या मुंबईच्या इमारतींत तो प्रयोग रात्री दहानंतर न केलेला बरा.

फोनवर खेळताना नियंत्रणांतला फरक लोकलमध्ये लगेच कळतो. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. तालाच्या खेळात तेवढ्यानेही पाऊल चुकते, म्हणून तारेचा इअरफोन बरा, नाहीतर खेळाच्या सेटिंगमध्ये विलंब जुळवून घ्यावा. तरीही ‘पुढील स्टेशन, दादर’ची घोषणा ठोका गिळतेच. ‘डाउनवेल’ला नीट खेळायचे तर दोन्ही अंगठे लागतात, तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली किंवा पाठ टेकायला जागा सापडली, तरच त्याला हात घालावा. एका हाताने कडी धरून उभ्याने जाणाऱ्याला जुन्या वळणाचे, चालीमागून चाल असलेले खेळच सोयीचे. धक्का बसला तरी खेळ पुढची चाल मिळेपर्यंत थांबून राहतो, आणि उतरायची वेळ आली तर राक्षसाला तसाच समोर ठेवून फोन खिशात टाकता येतो.

ज्यांना ताल अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी ‘नेक्रोडान्सर’मध्ये ‘बार्ड’ हे पात्र आहे. त्याच्याकडून खेळताना ठोक्याचे बंधन सुटते. आपण हललो की शत्रू हलतात, आणि खेळ जवळपास 1980च्या वळणावर येतो. याउलट ‘आरिया’ या पात्राचा जीव अर्धेच हृदय आहे (खेळात जीव हृदयांत मोजतात). तिच्याकडून खेळताना संगीताचा ठोका चुकला की तिला इजा होते, म्हणजे बहुधा डाव संपतो.