काइटसर्फिंगची काइट : टिकाऊपणा

काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचा खेळ. ही काइट किती टिकते हे वर्षांत सांगण्यापेक्षा ती किती तास उन्हावाऱ्यात होती यावरून सांगणं जास्त बरोबर.

या खेळाच्या उगमाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉकने १८२६ मध्ये घेतलं, सॅम्युअल कोडीने १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली, काही जण मात्र १९७७ चं पानहाउसे या डच माणसाचं पेटंट खरी सुरुवात मानतात. टिकाऊपणाच्या हिशोबाने बघायचं तर फ्रान्सच्या लेगेन्यू भावांचं १९८४ चं पेटंटच महत्त्वाचं, कारण हवा भरून फुगवायची कड तिथून आली, काइट पाण्यात पडली तरी तरंगायला लागली आणि सोबत फुटणारा, गळणारा एक नवा भागही आला तो म्हणजे आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी. बाजारात ही काइट साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुळली.

वरचं कापड रिपस्टॉप (फाटलं तरी चीर पसरू नये अशा विणीच्या) पॉलिएस्टरचं, पुढची कड डेक्रॉन या जाड पॉलिएस्टर कापडाची, ब्लॅडर टीपीयू या लवचीक प्लास्टिकचा. कापडाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. आपल्याकडे केळीच्या शेतातली ठिबकची नळी काळी असते कारण त्यातला कार्बन ब्लॅक अतिनील किरणं अडवतो, काइटच्या रंगीत पातळ कापडाला तेवढं संरक्षण नसतं. दुसरा शत्रू फडफड. किनाऱ्यावर नुसती टाकून ठेवलेली काइट मागच्या कडेला सतत फडफडते, कोटिंगला भेगा जातात, शिवण उसवते, मग कापडातून हवा पार होते आणि काइट जड, सुस्त उडते. नवं कापड चिमटीत चुरगाळलं तर करकरीत आवाज येतो, जुनं गप्प असतं. खारं पाणी धुऊन काढावं की नाही यावर एकमत नाही, पण ऊन आणि वाळूपुढे मिठाचं नुकसान कमीच दिसतं.

खान्देशात समुद्र नाही, इथल्या माणसाची काइट गोव्यात मोरजीला नाहीतर रामेश्वरमला जाऊन येते आणि बाकी वर्ष घडी करून पडून राहते, म्हणून इथे साठवणच महत्त्वाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं, अशा उष्णतेत ब्लॅडरला चिकटवलेल्या वाल्वचा गोंद सुटतो. ओली घडी घातली तर बुरशी धरते. त्यामुळे पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून, खालच्या थंड खोलीत ठेवावी. बारीक छिद्र असेल तर ब्लॅडर बाहेर काढून थोडा फुगवायचा आणि टबात बुडवायचा, बुडबुडे येतात तिथे पॅच लावायचा.

काइट माणसाशी जोडणाऱ्या चार दोऱ्या डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतात. पुढच्या दोन दोऱ्यांवर जास्त भार असल्याने त्या हळूहळू लांबतात, मागच्या तेवढ्या लांबत नाहीत, मग काइट मागे कलून पडायला लागते. बऱ्याचदा कापडाला दोष दिला जातो तो खरा दोऱ्यांचा असतो, चारही दोऱ्या खुंटीला अडकवून सारख्या ताणून बघितल्या की फरक दिसतो आणि गाठ सरकवून तो दुरुस्तही होतो.