एका गाठीचे दोन तुकडे

मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या नडगीवर वाटाण्याएवढी तपकिरी-जांभळट गाठ येते. ताप नाही, ठणकाही फारसा नाही. सूज, लाली, पू हा सगळा प्रतिकारशक्तीचा आरडाओरडा. तीच औषधांनी दाबलेली असेल तर ओरडणार कोण? मग गाठीवर स्टेरॉइडचं मलम चोळलं जातं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

आत बहुधा अल्टरनेरिया किंवा एक्झोफियालासारखी काळी बुरशी असते. ती माती, लाकूड, पालापाचोळ्यात राहते आणि काट्याच्या किंवा कुसळाच्या जखमेतून शिरते.

नुसतं बघून निदान होत नाही, बायोप्सी हवीच. तुकडे मात्र दोन घ्यावेत: एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखण्यासाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकणं ही नेहमीची चूक. त्यात बुरशी मरते, मग कल्चरमध्ये उगवणार काय? चिठ्ठीवर ‘बुरशीचा संशय’ असं स्पष्ट लिहावं, म्हणजे प्रयोगशाळा कल्चर 4 आठवडे ठेवते. म्युकरची (कोविडकाळात ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेली, पण वरच्या काळ्या बुरशीहून वेगळी) शंका असेल तर तुकडा कुटायचा नाही, बारीक कापायचा. तिचे तंतू नाजूक असतात, कुटले की उगवतच नाहीत.

बुरशीचं नाव कळलं की औषध ठरतं. काळ्या बुरशीची एकच गाठ असेल तर ती पूर्ण कापून काढतात आणि इट्राकोनॅझोल 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बहुतेकदा 3 ते 6 महिने देतात. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, कारण ती विरघळायला आम्ल लागतं; पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर ती अंगी लागत नाही. पातळ औषध मात्र उपाशीपोटी. म्युकरवर व्होरिकोनॅझोल (इट्राकोनॅझोलच्याच ॲझोल गटातलं औषध) चालतच नाही. कातडी झपाट्याने काळी पडू लागली तर म्युकर समजून, अहवालाची वाट न पाहता लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध, वजनाच्या किलोमागे रोज 5 ते 10 मिलिग्रॅम, आणि तातडीची शस्त्रक्रिया.

खरी गोची पुढे आहे. ही ॲझोल औषधं यकृतातलं विकर (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे टॅक्रोलिमस, म्हणजे प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला दिलेलं औषध, रक्तात साचतं आणि नव्या मूत्रपिंडालाच इजा करतं. व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस एक-तृतीयांशावर आणतात आणि रक्तातली पातळी वारंवार तपासतात. हे बहुतेकांच्या लक्षात असतं. निसटतं ते उलट टोक: बुरशी गेली, ॲझोल थांबलं, पण टॅक्रोलिमसचा डोस वाढवायचा राहून गेला, तर काही दिवसांत पातळी घसरते आणि शरीर मूत्रपिंड नाकारू लागतं.