टर्बो हलतो म्हणजे गेला, असं नाही

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो तपासायची नेहमीची पद्धत अशी: एअर फिल्टरकडून येणारा होज पाइप काढायचा, टर्बोच्या पंख्यामधला नट दोन बोटांत धरायचा आणि हलवून बघायचा. जरा लडबडला की निकाल ठरलेला: 'प्ले (ढिलेपणा) आलाय, टर्बो बदला.' एवढ्याशा परीक्षेवर कितीतरी धडधाकट टर्बो भंगारात जातात.

बहुतेक टर्बोंमध्ये शाफ्ट (पंख्याचा दांडा) बुशमध्ये, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या नळीत, घट्ट बसलेला नसतो. शाफ्ट आणि बुश यांच्यात ऑइलचा एक थर असतो, बुश आणि बॉडी यांच्यात दुसरा. चालू इंजिनात शाफ्ट धातूला टेकतच नाही, ऑइलवर तरंगतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो आणि तीच मोकळी जागा बोटाला प्ले म्हणून लागते. ती जागा हवीच. ५० मिलिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १ लाख ८० हजार फेरे घेतो तेव्हा सेकंदाला ३००० फेरे होतात आणि पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त असतो. अशा वेगात धातूवर धातू घासला तर बुश काही क्षणांत खलास.

म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तपासायचं, तेही दोन दिशांनी. आधी आडवं. नट एका बाजूला दाबून धरा आणि तसाच दाबलेला ठेवून पंखा हळूहळू पूर्ण फिरवा. कुठेही हाउसिंगला (पंख्याभोवतीच्या कवचाला) घासला, नुसता खरखरला तरी टर्बो उघडायची वेळ आली. न घासता नुसता हलत असेल तर घाबरायचं कारण नाही. मग शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. ही परीक्षा जास्त खरी. ही हालचाल थ्रस्ट बेअरिंग रोखतं आणि लहान टर्बोंत ती साधारण ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर एवढीच असते, म्हणजे बोटाला जवळजवळ कळत नाही. आत-बाहेर स्पष्ट 'टक्‌टक्' जाणवली तर थ्रस्ट झिजलं असं समजा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावून नक्की आकडा घ्या आणि त्या मॉडेलच्या मर्यादेशी ताडून बघा. बॉल बेअरिंगच्या टर्बोची मापं वेगळी, तिथे हे आकडे वापरू नका.

पाइप काढलाच आहे तर टॉर्च मारून पाती नीट बघून घ्या. पात्यांच्या पुढच्या कडा वाळूने घासल्यासारख्या बारीक आणि बोथट झाल्या असतील तर फिल्टरमधून किंवा त्याच्या सैल क्लिपमधून धूळ आत जाते आहे. एखाद्या पात्याला खाच पडली असेल किंवा टोक वाकलं असेल तर काहीतरी कडक आत गेलं आहे. असा पंखा समतोल राहत नाही. प्ले कितीही कमी असो, तो पुन्हा वापरायचा नाही आणि पातं पक्कडीने सरळ तर मुळीच करायचं नाही.

होज पाइपमध्ये ऑइलचा ओलसर थर दिसला की लोक दचकतात. इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडं ऑइल तिथे येतंच. ऑइल साचून वाहायला लागलं तर मात्र शोध घ्यायचा, आणि तोही लगेच टर्बोला दोष न देता. टर्बोचं सील रबराचं नसतं. पिस्टन रिंगसारखी धातूची रिंग असते आणि ती दोन्हीकडच्या दाबाच्या फरकावर ऑइल अडवते. एअर फिल्टर चोंदला तर पंख्याकडून ऑइल ओढलं जातं. ऑइल परतीचा पाइप दबला, चोंदला किंवा ब्रीदर बंद पडला तर ऑइलला खाली जायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर पडतं. अशा वेळी नवा टर्बो बसवलात तरी तोही गळेल.

धुराचा रंग थोडंफार सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर आणि पिकअप नाही, म्हणजे हवा कमी पडते आहे. अशा वेळी टर्बोच्या आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज पाइप आणि क्लिपा बघा. फाटलेल्या जागी बहुधा तेलकट काळा डाग असतो. शिट्टीचा आवाज अशा गळतीमुळेही येतो. आवाज सायरनसारखा वेगाबरोबर चढत असेल आणि पूर्वी तसा नसेल, तर पंखा घासत असण्याची शक्यता मोठी. बदलत्या पात्यांच्या टर्बोत (ज्यात एक्झॉस्टच्या बाजूची पाती आपला कोन बदलतात) काजळीने ही पाती अडकतात. ती पाती हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची दांडी पूर्ण पल्ल्यात सहज सरकत नसेल तर बेअरिंग ठणठणीत असूनही गाडी उचलत नाही.

सील पूर्ण गेलेला टर्बो चालवत राहणं डिझेल गाडीत धोक्याचं आहे. इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

टर्बो बदलायचाच ठरला तर जुना कशाने गेला ते आधी शोधा. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर ऑइल पोचलं नाही. बुशवर खोल ओरखडे असतील तर ऑइलमध्ये कचरा होता. ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल आणणारा बारीक पाइप धुण्यापेक्षा नवाच घाला, कारण आत करपलेलं ऑइल सहसा पूर्ण निघत नाही. इंटरकूलरमधलं साचलेलं ऑइल आणि धातूचे तुकडे काढा. ऑइलच्या जोडांवर सिलिकॉन लावू नका. त्याचा एक ठिपका सुटला तरी बारीक भोक बंद होतं.

ऑइलच्या भोकातून टर्बोत स्वच्छ ऑइल भरा आणि पंखा हाताने फिरवा. मग इंजिन सुरू होऊ न देता १० ते १५ सेकंद स्टार्टर मारा. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, रेस करू नका. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल उरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला निळा धूर येईल. ते जळून जाईपर्यंत नवा टर्बो खोलू नका.