अमेरिकन साँग कॉन्टेस्ट

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २१ मार्च ते ९ मे २०२२ या काळात झालेली गीतस्पर्धा. युरोपातल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेचा हा अमेरिकी अवतार होता. युरोव्हिजनमध्ये देश उतरतात. इथे ५० राज्ये, राजधानी वॉशिंग्टन डी. सी. आणि पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, यू. एस. व्हर्जिन आयलंड्स, नॉर्दर्न मारियाना आयलंड्स हे पाच प्रदेश अशा ५६ ठिकाणांची ५६ नवी गाणी उतरली. ओक्लाहोमाची अलेक्सा ‘वंडरलँड’ हे गाणे गाऊन जिंकली. त्यानंतर स्पर्धेचे दुसरे पर्व झाले नाही.

युरोव्हिजनची सुरुवात १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सात देशांनिशी झाली. महायुद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झाली होती आणि एकच कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळी दाखवता येतो का, हेही नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांना पाहायचे होते. पुढे ती जिंकलेला स्वीडिश गट आब्बा (१९७४) आणि गायिका सेलीन डिऑन (१९८८, स्वित्झर्लंडकडून) या नावांमुळे ती जगभर पोचली, तरी अमेरिकेत मात्र ती बराच काळ अनोळखीच राहिली. लोगो वाहिनीने २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षे ती अमेरिकेत दाखवली, पण मोठा प्रेक्षक मिळाला नाही.

अमेरिकी प्रेक्षक गाण्यांच्या स्पर्धांना नवखा होता असे नाही. ‘अमेरिकन आयडॉल’ (२००२) ब्रिटनमधून आला, ‘द व्हॉइस’ (२०११) नेदरलँड्समधून, आणि दोन्ही अमेरिकेत चांगलेच रुजले. मात्र या स्पर्धा गायकाच्या आहेत. गाणी बहुधा ऐकलेली, जुनी. आठवड्यामागून आठवडे गायकाचा गळा, स्वभाव, घरची परिस्थिती उलगडत जाते आणि प्रेक्षक त्या माणसात गुंततो. आपल्याकडे अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तेव्हा मुंबईतली मराठी घरे अशीच गुंतली होती. युरोव्हिजनमध्ये परीक्षा गाण्याची असते: गाणे नवे हवे, तीन मिनिटांत संपले पाहिजे, आणि बक्षीस त्या गाण्याला. म्हणजे अमेरिकेत आणायची होती ती नुसती नवी स्पर्धा नव्हती, गाणे ऐकण्याची एक वेगळी सवय होती.

हे काम अंगावर घेणाऱ्यांत स्वीडिश मंडळी पुढे होती. त्यांतले ख्रिस्टर ब्यर्कमन १९९२ साली स्वतः स्वीडनकडून युरोव्हिजनमध्ये गायले आणि २३ देशांत बाविसावे आले. नंतर स्वीडनची राष्ट्रीय निवड-स्पर्धा ‘मेलोडिफेस्टिवालेन’ त्यांनी जवळजवळ वीस वर्षे सांभाळली. गाण्याच्या स्पर्धेत हरणे कसे असते हे ठाऊक असलेला हा माणूस. ऑगस्ट २०२० मध्ये घोषणा झाली. आधी २०२१ चा मुहूर्त होता, तो पुढे गेला. फेब्रुवारी २०२२ ठरला, तोही कोरोनाच्या लाटेने महिनाभर ढकलला. सूत्रसंचालन रॅपर स्नूप डॉग आणि गायिका केली क्लार्कसन यांनी केले. क्लार्कसन ही ‘अमेरिकन आयडॉल’ची पहिली विजेती, म्हणजे गायकाच्या स्पर्धेतून आलेली गायिका इथे गाण्याच्या स्पर्धेची यजमान झाली.

स्पर्धकांत होतकरू होते तसे नावाजलेलेही होते. कनेक्टिकटकडून मायकल बोल्टन, अलास्काकडून ज्युएल, ओहायोकडून मेसी ग्रे उतरले. पाच प्राथमिक फेऱ्या, दोन उपांत्य आणि एक अंतिम, असा आठ आठवड्यांचा पसारा होता. प्राथमिक फेरीत दर आठवड्याला अकरा-बारा गाणी होत. त्यांतले एकच गाणे परीक्षक त्याच रात्री पुढे पाठवत. प्रेक्षकांचा कौल मात्र पुढच्या आठवड्यात कळे. परीक्षकही ५६ होते, प्रत्येक ठिकाणचा एक.

मतांची मोजणी हा या स्पर्धेचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग. प्रत्येक ठिकाणच्या प्रेक्षकांची मते वेगळी मोजून पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग ७ ते १ असे गुण दिले जात. युरोव्हिजनमध्ये १९७५ पासून हीच शिडी आहे. ठिकाण मोठे असो वा छोटे, त्याच्या गुणांचे वजन सारखेच. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसे, वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख, अमेरिकन सामोआत पन्नास हजारांच्या आत. या तिघांनाही द्यायला बाराच गुण. ग्वाम किंवा पोर्तो रिको इथे राहणाऱ्यांना अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत नाही. गाण्याच्या या निवडणुकीत मात्र त्यांचे मत टेक्सासच्या तोडीचे होते. निकालातही ते दिसले. अंतिम दहांत अमेरिकन सामोआची टेनेल पोचली. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिले. या स्पर्धेने काही खरोखर नवे दिले असेल तर ते हे.

अंतिम फेरीत याच शिडीची एक गंमत झाली. युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत पंचवीस-सव्वीस गाणी असतात आणि गुणांच्या जागा दहा, त्यामुळे एखाद्या देशाच्या पदरी शून्यही पडते आणि त्या शून्याची वर्षानुवर्षे चर्चा होते. इथे गाणी दहा आणि जागाही दहा, म्हणून प्रत्येक ठिकाणच्या प्रेक्षकांकडून प्रत्येकाला काहीतरी मिळणारच. शून्याची धास्ती गेली आणि तिच्याबरोबर मोजणीतली निम्मी धाकधूकही गेली. परीक्षकांचे गुण असे ठिकाणागणिक नव्हते, म्हणून ते आकड्याने थोडे. त्यांत अलेक्सा आघाडीवर नव्हती, तिला ५४ गुण होते. मग प्रेक्षकांचे गुण आले: ६७२ पैकी ६५६. म्हणजे बहुतेक सगळ्या ठिकाणांनी तिला बाराच्या बारा दिले. ७१० गुणांनी ती पहिली आली. कोलोरॅडोचा रायकर लिंच ५०३ गुणांनी दुसरा.

अलेक्सा मूळची ओक्लाहोमाची, पण तिची कारकीर्द दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये, के-पॉपमध्ये (कोरियन पॉप संगीतात) घडली, आणि विजयी गाण्याच्या रचनाकारांत स्वीडिश माणसेही होती. के-पॉपचे चाहते संघटितपणे मते देतात आणि राज्याच्या सीमा त्यांच्या लेखी नसतात. त्यामुळे राज्याराज्यांची म्हणून मांडलेली ही स्पर्धा राज्यांच्या सीमा न मानणाऱ्या चाहत्यांनी जिंकून दिली. विजय पूर्ण नियमातला होता. पण ओक्लाहोमा जिंकले म्हणून शेजारच्या कॅन्ससला चुटपुट लागली असेल, असे वाटत नाही.

युरोपात ही चुटपुट असते. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा देतात की नाही, यावर घराघरांत पैजा लागतात. भाषा वेगळ्या, इतिहासात लढाया झालेल्या, आणि तरी वर्षातून एका रात्री सगळे एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहतात. युरोव्हिजन आठवड्याभरात उरकते आणि निकाल त्याच रात्री लागतो. अमेरिकेत तो ताण आठ आठवड्यांवर पसरून पातळ झाला. पुढच्या फेरीत तेच गाणे पुन्हा आले, पण गायकाची नवी बाजू पाहायला चटावलेल्या प्रेक्षकाला त्यात ओढ वाटली नाही. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषांतली गाणीही मोजकीच. पोर्तो रिकोचे स्पॅनिश गाणे त्यांतले एक. माझ्या मते दोष गाण्यांचा नव्हता, वेळापत्रकाचा होता: हीच ५६ गाणी एका आठवड्यात ऐकवली असती तर राज्याराज्यांची चुरस थोडी तरी पेटली असती.

अलेक्सा जिंकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० मे २०२२ रोजी, इटलीत तुरिनला त्या वर्षीच्या युरोव्हिजनची पहिली उपांत्य फेरी झाली आणि एनबीसीच्याच समूहातल्या पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर ती अमेरिकेत दिसली. पुढच्या वर्षी, लिव्हरपूलच्या स्पर्धेपासून, भाग न घेणाऱ्या देशांतल्या प्रेक्षकांनाही मत देता येऊ लागले. जगातल्या अशा सगळ्या प्रेक्षकांची मते एकत्र मोजून त्यांना मिळून एका देशाइतके वजन दिले जाते, आणि अमेरिकी प्रेक्षकाचे मत आता त्यात पडते.