खुलासा: स्मुल्डर्सची दोन ऑलिंपिक मेडल्स एकीची नाहीत

नेदरलँड्सच्या लाउरा स्मुल्डर्सबद्दल बरेच दिवस एक गोष्ट फिरतेय की तिने बीएमएक्समध्ये, म्हणजे छोट्या सायकलींच्या रेसिंगमध्ये, दोन ऑलिंपिक ब्राँझ जिंकले, लंडनला एक आणि टोकियोला एक. चूक आहे हे. लंडनचं २०१२ चं ब्राँझ लाउराचं, तेव्हा ती फक्त १८ वर्षांची होती, गोल्ड कोलंबियाच्या मारियाना पाहोनला गेलं. टोकियोचं मात्र तिच्या धाकट्या बहिणीचं, मेरेलचं, आणि ती रेस २०२१ मध्ये झाली कारण कोविडमुळे ऑलिंपिकच वर्षभर पुढे गेलं होतं. आडनाव तेच, देश तोच, मेडलही तेच म्हणून गोंधळ होतो, पण मेरेलची मेहनत अशी मोठ्या बहिणीच्या खात्यात जमा होणं मला खरंच खटकतं!

लाउराला उसन्या मेडलची गरजही नाहीये, २०१८ ला अझरबैजानच्या बाकूमध्ये ती वर्ल्ड चॅम्पियन झाली होती.

आणि हो, दोघी स्टंटवाल्या नाहीत, ते फ्रीस्टाईल वेगळं. यांची रेसिंग, म्हणजे आठ जणी एकदम उंच रॅम्पवरून सुटतात, २० इंची चाकं, एकच गिअर, उड्या आणि वळणं पार करत पाऊण मिनिटाच्या आत सगळं संपतं, जी पहिली पोचली ती जिंकली.